चाळीस पानांचं बासन

मेधा, आधी बातमी ऐक. चाललं. काल शेंदूरजनाघाटच्या शेडमध्ये आपली फोनवरची ‘बागेची वही’ एका दमात उघडली, आणि नंतर बागेच्या पार त्या टोकाला, जिथे फोनला एक काडी रेंज मिळत नाही, तिथेही उघडली. संत्र्याचा एकेक रोग उघडला: डिंक्या उघडला, कोळशी उघडली, फळगळ उघडली. मी पर्समधून फोन काढून तुझा नंबरही काढला होता. मग आठवलं. तू गेल्याला आज बावीस दिवस झाले.

आता ही बातमी सांगू कोणाला? नवऱ्याला सांगितली, तो ‘अरे वा’ म्हणाला आणि दूध उतू जातंय का ते बघायला गेला. त्याचं चुकलं नाही. ‘चाळीस फाइलींची एक झाली’ हे वाक्य ऐकून आनंदाने ओरडेल असं माणूस मला अमरावतीत माहीत नाही. अकोल्यात एक होतं. म्हणून तुलाच लिहितेय. तुझं शिक्षण कुठे झालं, तू किती मनमिळाऊ होतीस, ते पेपरात छापून आलंय. मनमिळाऊ वाचून मला हसू आलं. एका स्वल्पविरामासाठी दोन दिवस न बोलणारी बाई तू.

आखाडातली ती पहिली खेप आठवते ना? तू अकोल्याहून बडनेऱ्याला उतरलीस, मी गाडी घेऊन आले, आणि वरूडपर्यंत आपण दोघी हवेत होतो. आठ वर्षं आपण परक्या लोकांच्या वेबसाइटी केल्या. माझ्या गावासाठी, माझ्या बाबांच्या बागेसाठी काही करायची ही पहिलीच वेळ. अठ्ठावीस बागवाल्यांचा गट. झाडाला काय झालं ते फोनवर बघायचं, चित्राशी ताडायचं, आणि काय करायचं, काय नाही, ते तिथेच समजून घ्यायचं. नाहीतर दुकानदार हातात देईल ते औषध फवारायचं, हे चालूच होतं. प्रत्येक रोगाचा एक पडदा, प्रत्येक पडद्याची एक छोटी फाइल. टेम्प्लेट, म्हणजे साचा. असे एकोणचाळीस साचे तू हाताने घडवले होतेस.

आणि शेडमध्ये काय झालं? फोनवरचा तो गोल नुसता फिरत राहिला. एक पडदा उघडला की दुसऱ्यासाठी फोन पुन्हा वरूडच्या टॉवरकडे हात पसरायचा. एकोणचाळीस फाइली, एकोणचाळीस फेऱ्या. प्रल्हादकाका गटात सगळ्यांत वडील, ते पाच मिनिटं थांबले आणि म्हणाले, “हे उघडतवरी फळं गळून जातीन, बाई.” सगळे हसले. तूही हसलीस. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी तर फोन लांब धरून एकदा पाहिला, ‘नेटवर्क नाही’ म्हणाले आणि माझ्या हातात परत दिला. स्वतःच्या पोरीचं काम, आणि दोन मिनिटं बघवेना त्यांना. परतताना मी गाडीत त्यांच्यावरच जास्त फणफणले.

तू म्हणालीस, वैशू, बाबांवर चिडू नकोस. का ते सांगितलं नाहीस.

मोर्शी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं: सगळे साचे एकाच फाइलीत लिहायचे. एकदा उतरली की झालं. आणि तिथून आपलं भांडण पेटलं. तू म्हणालीस, एका फाइलीत दोन हजार ओळी, उद्या कोळशीचं औषध बदललं तर शोधत बसशील. मी म्हटलं, शोधीन. तू म्हणालीस, संत्रं फोडी-फोडीनेच खातात. मी म्हटलं, पण झाडावरून अख्खंच तोडतात, फोडी तोडायला कोणी जात नाही. तेव्हा तू खिडकीकडे तोंड केलंस ते बडनेऱ्यापर्यंत. स्टेशनवर उतरताना मात्र माझ्या डब्यातला उरलेला गिलावडा घेऊन गेलीस.

तुझं ते सुटं-सुटं लिहिण्याचं वेड कुठून आलं, मला माहीत होतं. जठारपेठेत तुमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा तुझे वडील, गुरुजी, पोथी काढून बसले होते. मला वाटलं पुस्तक असेल. तर पानं सुटी. शिवलेली नाहीत, चिकटवलेली नाहीत, एकावर एक ठेवलेली, आणि वाचून झाल्यावर लाल कापडात गुंडाळून दोरीने बांधलेली. ते कापड म्हणजे बासन, हे तूच सांगितलंस. एक पान जीर्ण झालं तर तेवढंच पुन्हा लिहायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. तुझ्या फाइलीही तशाच. एका पडद्याला एक पान, आणि पानाच्या माथ्यावर ॥ श्री ॥. कोऱ्या कागदावर आधी श्री काढल्याशिवाय तुझ्या घरात किराण्याची यादीसुद्धा होत नाही, मग कोड तरी कसं होईल?

श्रीनंतर तुझी टिप्पणी. फोनवर न दिसणारी, फक्त आपण दोघींनी वाचायची. ‘हे पान प्रल्हादकाकांसाठी. अंगठा जाड आहे, बटण मोठं ठेवावं.’ ‘हे पान गीताबाईंसाठी. फवारणी त्याच करतात, नाव नवऱ्याचं लागतं. इथे नाव विचारू नये.’ एका दुपारच्या भेटीत तू हे सगळं कधी टिपलंस? मी त्या गावात जन्मले, आणि गीताबाई स्वतः पंप पाठीवर घेतात हे मला तुझ्या टिप्पणीतून कळलं. पण तेव्हा मी काय म्हटलं? म्हटलं, शेतकऱ्याला हे दिसत नाही आणि मशीनला हे लागत नाही, मग लिहितेस कोणासाठी?

आता ते सांगते, जे सांगायला बावीस दिवस लागले.

तुझा-माझा शेवटचा फोन. बागेतली फळं गळायला लागली होती, गटाकडून विचारणा होत होती, आणि तू अजून ‘कृपया योग्य पर्याय निवडा’ हे वाक्य घासत बसली होतीस. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “मेधा, तुयं हे शुद्ध मराठी आमच्या बागेत कोनाले समजते वं? मास्तरीन बोलून राहिली असं वाटते. आन् तो श्री काढून टाक, कोनी पूजेले नाही बसून राहिलं.” तू म्हणालीस, “बरं.” एवढंच. तुझ्या ‘बरं’चे चार प्रकार मला ओळखता येतात, आणि हा त्यातला एकही नव्हता. मी वाट पाहिली की तू उलटा फोन करशील आणि मला झोडपशील. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तुझ्या भावाचा फोन आला, तो दवाखान्यातून. मी मूर्तिजापूरच्या पुढे पोचले असेन, तेव्हा दुसरा आला.

तो ‘बरं’ माझ्या कानात बसला, मेधा. दहाव्याला आले, तेराव्याला आले, तुझ्या आईने, काकूंनी, मला जवळ बसवलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. तू माझ्यावर रागावून गेलीस, एवढंच डोक्यात. संगणक उघडला नाही. ‘बागेची वही’ बंद करून टाकावी, असं मी प्रल्हादकाकांना कळवणारही होते.

पण फळं काही सुतक पाळत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांचाच फोन. म्हणाले, गळ लई वाढली, रविवारी सारे शेडमध्ये जमून राहिले, तुमचं ते यंत्र आणता काय, नाहीतर दुकानातून सांगतील ते मारतो. आणि मग म्हणाले, “ते दुसरी बाई बी येऊ द्या. तिले समजते.” त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगू शकले नाही. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मग उघडलं. आपल्या सामाईक कपाटात, जिथे दोघींचं काम चढवून ठेवतो, तिथे सगळ्यांत वर तुझं नाव होतं. आपल्या त्या फोननंतरचं. उठताना जे असेल ते, अर्धं असो की पुरं, वर चढवूनच उठायचं, ही तुझी सवय. लाइट जातात त्या गावची सवय. तर तिथे एक नवी फाइल. मी कधी लिहिलेली नाही, तू कधी बोललेली नाही. नाव: ‘बासन’.

मेधा, तू बिल्ड लिहिलं होतंस, सगळी पानं एकत्र बांधणारं टूल.

जे मी मागत होते तेच, आणि माझ्यापेक्षा शंभरपटीने शहाणपणाने. साचे सुटेच. प्रत्येक पान आपापल्या जागी, आपापल्या श्रीसह. फक्त एक हुकूम द्यायचा, की ते टूल नावाच्या क्रमाने एकेक पान उचलतं, एकाखाली एक रचतं, टिप्पण्या गाळतं, मोकळ्या जागा दाबतं, आणि बाहेर एकच फाइल येते. लिहिणाऱ्याला पानं, वापरणाऱ्याला बासन. आपण दोघी मोर्शीपासून बडनेऱ्यापर्यंत ज्यावर भांडलो ते भांडण तू अठरा ओळींत मिटवलंस आणि मला कळवलंसुद्धा नाहीस. मी हुकूम दिला. चहा ओतायच्या आत झालं. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि परत आले, कशाला गेले होते ते आठवेना.

आणि मग बघते तर फळगळ नाही. बाकी सगळं उघडतंय, आणि ज्या एका पडद्यासाठी अठ्ठावीस लोक जमणार तोच कोरा. आपलं कामच असं, लग्न लागायच्या वेळी नवरदेवच बेपत्ता. सकाळ त्यात गेली. टूलला शिव्या दिल्या. मग तुझ्या आठवणीने शहाण्यासारखी मोजायला बसले. चाळीस पानं आत गेली होती, एकोणचाळीस बाहेर आली होती. चाळीस? आपली तर एकोणचाळीसच होती. मग त्या बांधलेल्या फाइलीत शोधलं, तर फळगळचा सगळा मजकूर सापडला, पण भलत्याच नावाखाली. ‘फळगळ-ऐका’. हे पान मी कधी पाहिलेलं नव्हतं. मशीनच्या क्रमात नावातली आडवी रेघ टिंबाच्या आधी लागते, म्हणून ते बरोबर फळगळच्या आधी येत होतं.

ते पान उघडलं. त्यात फक्त माथा होता.

‘॥ श्री ॥ हे पान वैशूच्या बाबांसाठी. चष्मा घरी राहिला म्हणाले. खरं तर चष्मा नाहीच, सांगायला लाजतात. त्यांना वाचून दाखवायचं. आवाज वैशूचा, बोली तिच्या घरची. माझ्या आवाजात करून पाहिलं, बातम्या वाटतात. वैशूचं बरोबर होतं. पण तिला सांगायचं नाही, नाहीतर’

बस. नाहीतर, आणि पुढे काही नाही.

टिप्पणी संपली की दोन आडव्या रेघा आणि एक बाण काढायचा असतो, तीन खुणा. तू त्या काढल्या नव्हत्यास. त्या दुपारी तुला बरं वाटेना म्हणून उठलीस असणार, आणि सवयीने होतं ते चढवून उठलीस. मशीनला वाटलं, तुझं बोलणं अजून संपलेलं नाही. म्हणून ते पुढच्या पानाचा माथाही तुझंच बोलणं समजून ऐकत गेलं. तिथल्या तीन खुणा मिळाल्या तेव्हा थांबलं, आणि एवढा सगळा भाग टिप्पणी म्हणून गाळून टाकला. फळगळचं नाव त्यातच गेलं.

मी रडले, लपवत नाही. पण हसतही होते, आणि हसणं जास्त होतं. कारण विचार कर. माझं ऐकून सगळं एका फाइलीत लिहिलं असतं, तर हे पान जन्माला आलं नसतं. आणि तुझं ऐकून पानं सुटीच राहिली असती, तर या पानाकडे कोणाचं लक्षच गेलं नसतं, कारण ते अजून कुठे जोडलेलं नव्हतं. ती दोन्ही एकत्र बांधली म्हणून अडलं, आणि अडलं म्हणून सापडलं. आणि बाबा! माझे बाबा, चाळीस वर्षं माझ्यासमोर आहेत, आणि त्यांना जवळचं दिसत नाही हे तू एका दुपारी ओळखलंस. फोन लांब धरला तो त्यासाठी.

शनिवारी सकाळी मी जठारपेठेत गेले. काकूंनी विचारलं, ती दिवसभर त्या खोलीत नेमकं काय करायची गं? मी पोथीवरूनच सांगितलं: प्रत्येक पान वेगळं लिहायची, माथ्यावर कोणासाठी ते लिहायची, आणि आता सगळी पानं एका बासनात बांधून लोकांकडे जाणार. गुरुजी आतल्या खोलीत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “बासन कोणी बांधलं?” मी म्हटलं, तिनंच. ते म्हणाले, बरं झालं. हा ‘बरं’ मला लगेच ओळखता आला.

मग मी तुझं पान वाचून दाखवलं. ‘नाहीतर’शी थांबले. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, “नाहीतर वैशू गावभर सांगत सुटेल. दुसरं काय लिहिणार होती?” मी म्हटलं, काकू, तेच करणार आहे. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना तुझ्या टेबलावरची पेन्सिल दिली, जिचं टोक तू चावून ठेवलंयस.

पान मी पुरं केलं. तुझा मजकूर घेतला, माझ्या घरच्या बोलीत बसवला, आणि घरातला पंखा बंद करून फोनमध्ये बोलले: ‘झाडाखालचे पडेल संत्रे पयले उचला. बागेत तसेच नोका ठेवू. खड्डा करा, पुरा, मंग फवाऱ्याचं पाहू.’ सात वेळा बोलावं लागलं. सहा वेळा मास्तरीन वाटले, तुझी शप्पथ. वाक्यं कुठून कापायची, आधी काय सांगायचं आणि भीती न दाखवता कसं सांगायचं, ते सगळं तुझ्या फळगळच्या पानात होतं. मी नुसता आवाज दिला.

काल शेडमध्ये येताना सगळ्यांनी वरूडच्या रस्त्यालाच, रेंज होती तिथे, एकदा उतरवून घेतलं होतं. एकच फाइल, एकच फेरी. शेडमध्ये काकांनी उघडलं, अंगठ्याने दाबलं, आणि फळगळ समोर. त्यांनी मान वर करून तुला शोधलं. मग मी सांगितलं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तशीच ठेवून पुढची पानं एकेक उघडत गेले, शेवटपर्यंत. गीताबाई तर फोन घेऊन सरळ बागेत निघून गेल्या. नाव कोणी विचारलं नाही म्हणून फार खूश होत्या.

बाबा सगळ्यांत मागे उभे होते. मी त्यांना धुऱ्याकडे, बागेच्या बांधाला नेलं, एका झाडाखाली, आणि ‘ऐका’ दाबून फोन हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, माझ्याकडे न बघता. पूर्ण ऐकलं. पुन्हा लावून पुन्हा ऐकलं. मग वाकून दोन पडलेली संत्री उचलली, हिरवीच होती, आणि म्हणाले, “आवाज तुया हाये, पन सांगनं तिचं हाये.” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “तिले कसं समजलं, मले दिसत नाही ते?” मी म्हटलं, तिला समजायचं. पुढच्या आठवड्यात अमरावतीला डोळे तपासायला यायचं त्यांनी कबूल केलंय. त्यांना कुठल्याही दवाखान्यात नेणं माझ्याने दहा वर्षांत झालं नव्हतं.

श्री मी काढलेला नाही. चाळीसही पानांवर आहे, आणि राहील. टूल तो गाळूनच फोनवर पाठवतं, त्यामुळे भांडायला काही उरलेलंच नाही, हे तुला आधीच दिसलं होतं बहुतेक. त्या फोनवर मी जे बोलले त्याची माफी मागायची होती, ती आता इथेच मागते. तुझं मराठी बागेत समजलं, मेधा. सगळ्यांना समजलं.

‘नाहीतर’च्या पुढे मी काही लिहिलं नाही. खूप सुचत होतं. कर्सर तिथे नेला आणि फक्त तीन खुणा काढल्या, तुझं बोलणं संपलं हे मशीनला कळावं म्हणून. त्या तीन खुणा काढायला मला जितका वेळ लागला तितका अख्खी वही बांधायला लागला नसेल. काढल्या, हुकूम दिला, आणि चाळीस पानं आत गेली, चाळीस बाहेर आली.

वैशूचं बरोबर होतं, हे तू लिहून ठेवलंयस. आता मी ते काकूंना सांगितलंय, शेडमध्ये सांगितलंय, आज सगळ्यांना सांगतेय. डोक्यावर बसलेय मी तुझ्या. ये आणि उतरव.